गळ, मरळ आणि थरथरणारा हात

बुलढाणा शहर ज्या डोंगरमाथ्यावर वसले आहे, तिथे पडणाऱ्या पावसाचे दोन वाटे होतात. उत्तर उतारावरचे पाणी नळगंगा, विश्वगंगा, ज्ञानगंगा अशा लहान नद्यांतून घाटाखाली उतरते, पूर्णेला मिळते, पूर्णा चांगदेवजवळ तापीत विलीन होते आणि ते पाणी अखेर अरबी समुद्राला जाते. दक्षिण उतारावरचे पाणी पैनगंगेच्या ओंजळीत पडते आणि वर्धा, प्राणहिता, गोदावरी असा लांबचा प्रवास करून बंगालच्या उपसागरात पोहोचते. एकाच ढगाचे पाणी दोन समुद्रांना वाटून देणारा हा जिल्हा उन्हाळ्यात मात्र स्वतः तहानलेला असतो. म्हणूनच येथे धरणाला केवळ पाण्याचा साठा म्हणून पाहिले जात नाही; धरण हे येथील माणसांचे विसाव्याचे स्थानही आहे.

वाचकहो, आपण जिल्ह्याच्या नकाशावर बोट फिरवून पाहा. शहराच्या अगदी जवळ पैनगंगेवरचे येळगाव, त्याच नदीवर मेहकर तालुक्यात पेनटाकळी, मोताळा तालुक्यात नळगंगा आणि देऊळगाव राजाच्या बाजूला खडकपूर्णेचा विस्तीर्ण जलाशय, ज्याला संत चोखामेळा सागर असे सार्थ नाव आहे. गावोगावचे पाझर तलाव तर वेगळेच. या सर्व पाण्यांना अपवाद एक, तो लोणारचा. उल्काघाताने झालेल्या त्या विवरातले पाणी खारट आणि अल्कधर्मी आहे. २०२० साली त्याला रामसर यादीत स्थान मिळाले. लोणारला जावे ते पाहण्यासाठी आणि विचार करण्यासाठी. गळ घेऊन जायचे ते इतर पाण्यांवर.

गळ हा शब्द वाचून आपण थबकला असाल. आरोग्यविषयक पाक्षिकात मासेमारीचे काय काम? परंतु गेली अनेक वर्षे या जिल्ह्यात वैद्यकीय व्यवसाय करताना मला एक गोष्ट वारंवार दिसली आहे. साठी-सत्तरी ओलांडलेल्या अनेक पुरुषांना, आणि आता काही स्त्रियांनाही, घराबाहेर काढणारी फार थोडी निमित्ते उरलेली असतात. देऊळ, बाजार, पारावरची बैठक आणि दवाखाना. ज्यांना तरुणपणी तलावाकाठी गळ टाकून बसण्याची सवय होती, त्यांना पाण्याचा काठ हे पाचवे निमित्त असते, आणि त्या पाचव्याची ओढ बाकीच्या चारांहून अधिक असते. नेमके तेच निमित्त घरची मंडळी काळजीपोटी प्रथम बंद करतात. ते सुरक्षितपणे चालू कसे ठेवता येईल, हा या लेखाचा विषय. त्याची किल्ली एका लहानशा वस्तूत आहे, ती म्हणजे गळाचे टोक.

काठावरचा जुना छंद

गळाने मासा धरण्याचा छंद आपल्याकडे फार जुना. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचला. त्यात राजाच्या करमणुकींमध्ये ‘मत्स्यविनोद’ या नावाने मासे धरण्याच्या खेळाचे वर्णन आहे. उपजीविकेसाठी मासे धरणारा भोई समाज तर त्याहूनही जुन्या काळापासून या नद्यांच्या काठी आहे. आज जिल्ह्यातील बहुतेक जलाशयांतील मासेमारीचे हक्क मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतात. त्यामुळे छंद म्हणून गळ टाकण्यापूर्वी तेथील संस्थेच्या माणसांना विचारणे, त्यांचे शुल्क असल्यास ते भरणे, हे आपले पहिले कर्तव्य. ज्या पाण्यावर त्यांचे घर चालते, त्यावर आपण पाहुणे आहोत. ज्ञानगंगा अभयारण्याच्या हद्दीत मात्र कोणी कितीही आग्रह केला तरी गळ नेऊ नये. ते वन्यजीवांचे घर आहे. तिपेश्वरहून निघालेला एक तरुण वाघ २०१९ साली हजारो किलोमीटर फिरून तिथे येऊन राहिला होता, एवढे सांगितले तरी पुरे.

पूर्वीचा गळ साधा असे. बांबूची काठी, तंगूस, शेवरीच्या काडीचा तरंगता तुकडा, आणि आकड्याला गांडूळ किंवा कणकेचा गोळा. रोहू, मृगळ, तिलापिया यांच्यासाठी तो आजही पुरेसा आहे. अलीकडे मात्र घरोघरी एक नवी वस्तू दिसू लागली आहे. अमेरिकेत नोकरीला असलेला मुलगा किंवा नातू सुटीत येताना आजोबांसाठी रबरासारख्या मऊ प्लॅस्टिकच्या आमिषांचे पाकीट आणतो. त्यातला एक प्रकार पोकळ नळीसारखा असतो. लांबी बोटाएवढी, एक टोक बंद आणि गोलसर, दुसऱ्या टोकाला बारीक फितींची झालर. तिकडे बास नावाचा शिकारी मासा धरण्यासाठी ती नळी घडवली गेली. आपल्या जलाशयांत बास नाही. परंतु त्याच्यासारखाच दबा धरून बसणारा, गवताच्या आडून झडप घालणारा एक मासा आपल्याकडे आहे. तो म्हणजे मरळ.

मरळ : पाण्यातला पालक

काठावरची बेशरमीची झुडपे, पाणकणसाची बेटे, शेवाळ दाटलेली उथळ जागा, हे मरळीचे घर. ती पाण्यातल्या प्राणवायूवर पूर्णपणे अवलंबून नसते. ठरावीक वेळाने तिला पृष्ठभागावर येऊन हवेचा घोट घ्यावा लागतो. अनुभवी माणूस आधी अर्धा तास नुसता बसून पाणी पाहतो. कुठे ‘बुळुक’ असा आवाज येतो, कुठे वर्तुळ उमटते, हे टिपतो. वृद्धांसाठी मला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. दूरवर नजर स्थिर करणे, आवाजाची दिशा ओळखणे, मनात नोंद ठेवणे. मेंदूला यापेक्षा आनंददायी व्यायाम मी तरी सुचवू शकणार नाही.

मरळीचा आणखी एक गुण आपल्या पाक्षिकाच्या वाचकांना आवडेल. अंड्यांतून बाहेर आलेल्या पिल्लांची ती राखण करते. पावसाळ्याच्या दिवसांत पाण्यावर तांबूस-नारिंगी पिल्लांचा झुबका एकत्र फिरताना दिसला, तर त्याच्याखाली आई किंवा बाप पहाऱ्यावर आहे असे समजावे. अशा वेळी ती कोणत्याही वस्तूवर चवताळून धावते, म्हणून तिला धरणे सोपे असते. आणि म्हणूनच तिला त्या वेळी धरू नये. पहारेकरी गेला की पिल्लांचा झुबका थोड्याच वेळात इतर माशांच्या पोटात जातो. जे स्वतः कुणाची तरी शुश्रूषा करीत आहेत, त्यांना याहून अधिक सांगण्याची गरज नाही.

आकडा कसा निवडावा

आता मूळ विषय. आकड्याचे भाग आधी ओळखून घेऊ. तंगूस ओवण्याचे छिद्र म्हणजे नेढे, सरळ भाग म्हणजे दांडा, खाली वळलेला भाग म्हणजे पोट, मग टोक, आणि टोकाच्या आतल्या बाजूला उलटा निघालेला बारीक काटा. टोक आणि दांडा यांच्यामधील मोकळ्या जागेला आपण ‘आ’ म्हणू.

आकड्यांच्या क्रमांकाची रीत सुरुवातीला गोंधळात टाकते. १०, ८, ६, ४, २, १ असा अंक उतरत जातो तसा आकडा मोठा होतो. त्यानंतर १/०, २/०, ३/०, ४/० अशी मालिका सुरू होते आणि तिथे अंक चढतो तसा आकडा वाढतो. दुकानात ‘तीन नंबर’ एवढेच म्हटले तर हाती भलतेच काही येऊ शकते. म्हणून क्रमांक कागदावर लिहून न्यावा.

मऊ नळीच्या आमिषाला साधा अरुंद आकडा चालत नाही. मासा नळी तोंडात दाबतो तेव्हा प्लॅस्टिक चेपले जाऊन टोक मोकळे व्हायला हवे. नळी जाड आणि ‘आ’ अरुंद असेल, तर प्लॅस्टिक त्या जागेतच गोळा होऊन बसते, टोक रुतत नाही आणि मासा निसटतो. त्यासाठी रुंद ‘आ’ असलेला, नेढ्याजवळ पायरीसारखी वळणे दिलेला आकडा घ्यावा. ‘आ’ नळीच्या जाडीच्या साधारण दुप्पट असावा, हा सोपा ठोकताळा. तीन इंची नळीसाठी २/० आणि साडेतीन-चार इंची नळीसाठी ३/० किंवा ४/० हा मेळ बहुधा जमतो. मरळीचे तोंड हाडकट असते, ओढ जोरदार असते आणि ती थेट गवतात शिरते. बारीक तारेचा आकडा सरळ होऊन जातो. म्हणून तार जाड हवी. टोकाची धार तपासण्यासाठी आकडा अंगठ्याच्या नखावर हलकेच टेकवावा. टोक अडले तर धार आहे, घसरले तर नाही.

माझे वैद्यकीय मत येथे जोडतो, आणि ते ठाम आहे. वृद्धांच्या हाती देण्याच्या प्रत्येक आकड्याचा उलटा काटा घरीच पक्कडीने चेपून सपाट करावा. मासा निसटू नये म्हणून तंगूस ताठ ठेवावे लागेल, क्वचित एखादा सुटेलही. परंतु काटा चेपलेला आकडा बोटात गेला तर आला त्याच वाटेने सहज बाहेर येतो. काटा असलेला आकडा काढण्यासाठी मात्र दवाखाना गाठावा लागतो. त्वचा कागदासारखी पातळ झालेल्या, मधुमेह असलेल्या किंवा रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या घेणाऱ्या माणसासाठी हा फरक फार मोठा आहे.

नळी आकड्यावर चढवताना

ही कृती घरी, दिवसाच्या उजेडात, टेबलावर बसून करावी. आकड्याचे टोक नळीच्या बंद डोक्यातून सरळ आत घालावे आणि साधारण अर्ध्या सेंटिमीटरवर बाजूने बाहेर काढावे. मग नळी नेढ्याच्या दिशेने सरकवत न्यावी, म्हणजे पायरीसारखा भाग डोक्यात जाऊन बसतो. आता आकडा अर्धा फिरवावा, म्हणजे टोक नळीच्या अंगाकडे येते. नळी सैल लोंबू द्यावी आणि आकड्याचे पोट तिच्यावर कुठे येते हे नजरेने टिपावे. नेमके तिथेच टोक आरपार बाहेर काढावे. शेवटी टोकाचा अगदी थोडा भाग पाठीच्या वरच्या पापुद्र्यात लपवावा. नळी सरळ राहिली पाहिजे; तिला पोक आले तर ती पाण्यात गरगरते आणि तंगूसाला पीळ पडतो.

अशी बांधणी केली की टोक झाकलेले राहते. त्यामुळे बेशरमीच्या फांद्यांत आणि शेवाळात ती अडकत नाही. आणि अडकत नाही म्हणजेच ती सोडवायला आजोबांना गुडघाभर चिखलात उतरावे लागत नाही. काठावरच्या पडण्याच्या अनेक प्रसंगांचे मूळ अडकलेला गळ सोडवण्याच्या हट्टात असते. टोक लपवण्याची ही युक्ती माशासाठी जितकी आहे, तितकीच माणसासाठी.

वजनासाठी तंगूसावर, आमिषाच्या पुढे, साडेतीन ते सात ग्रॅमचे गोळीच्या आकाराचे वजन ओवतात. मोकळे पाणी असेल तर वजनाचे डोके असलेला आकडा नळीच्या पोकळीत आतून बसवण्याचीही रीत आहे. तेव्हा नळी गोल गोल फिरत सावकाश खाली जाते आणि मासा बहुधा ती खाली जात असतानाच घेतो. शिशाच्या वजनांबाबत मात्र सावध राहावे. शिशाचा मणी दाताने दाबून बसवण्याची सवय अनेकांना असते. शिसे शरीराला विषारी आहे आणि कवळीला तो दाब परवडत नाही. पक्कड वापरावी, आणि शिसे व प्लॅस्टिक हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय भाकरी, सुपारी वा तंबाखू यांना हात लावू नये. तंबाखूला तर धुतलेला हातही लावू नये, पण तो वेगळ्या लेखाचा विषय!

गाठ कोणती मारावी? ज्यांची दृष्टी मंद आहे किंवा बोटे आखडली आहेत, त्यांच्यासाठी एक सोपी गाठ आहे. तंगूस दुमडून दुहेरी करावे, तो दुमडलेला भाग नेढ्यातून ओवावा, त्याचीच एक साधी सैल गाठ बांधावी, शेवटी राहिलेल्या फाशातून संपूर्ण आकडा पार करावा, पाण्याने ओले करून सावकाश ओढावे. एवढेच. मोठ्या नेढ्याचे आकडे आणि गडद रंगाचे तंगूस घेतले तर मोतीबिंदूची सुरुवात असलेल्यांनाही हे जमते.

गुरुजींचा हात

माझ्याकडे येणारे एक निवृत्त शिक्षक आहेत. त्यांना सर्वजण गुरुजी म्हणतात. काही वर्षांपूर्वी त्यांना कंपवात झाल्याचे निदान झाले. एकदा गळ बांधताना आकडा तर्जनीत रुतला, आणि त्यांच्या मुलाने काठी माळ्यावर टाकली. “डॉक्टरसाहेब, बाबा पाण्यात पडले तं कोण पाहीन? मी दिवसभर ड्यूटीवर,” हे त्याचे म्हणणे. त्यात चूक काहीच नव्हते. गुरुजी भांडले नाहीत. ते फक्त घरात बसू लागले. तीन महिन्यांत त्यांची पावले आखूड झाली, आवाज खाली गेला, जेवण कमी झाले. औषधाची मात्रा तीच होती. उठण्याचे कारण तेवढे गेले होते.

येथे कंपाविषयी एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. कंपवातातला कंप बहुधा हात विसावलेला असताना जास्त असतो आणि हात कामाला लागला की कमी होतो. दुसऱ्या एका प्रकारात नेमके उलटे घडते. कप उचलताना, सही करताना, सुईत दोरा ओवताना हात अधिक थरथरतो. म्हणून ‘हात कापतो, तेव्हा काहीच करू नका’ हा सरसकट सल्ला योग्य नाही. गुरुजींचा हात काठी धरल्यावर पुष्कळसा स्थिर होत असे. बारीक गाठ मात्र जमत नव्हती, कारण या आजारात बोटांच्या हालचाली मंद होतात. म्हणजे प्रश्न मासेमारीचा नव्हता, त्यातल्या एका टप्प्याचा होता.

मी त्यांच्या मुलाला आणि सुनेला बसवून कामांची वाटणी करून दिली. आकडे बांधायचे मुलाने, रविवारी रात्री, काटे चेपून. प्रत्येक बांधलेला आकडा जुन्या चपलेच्या मऊ तळव्यात टोचून ठेवायचा. जागा निवडायची आणि पाणी वाचायचे गुरुजींनी. मासा आकड्यावरून सोडवायचा तो सोबत असलेल्याने, पक्कडीने. औषधाचा परिणाम चांगला असतो त्या तासांतच जायचे. आणि एकट्याने कधीही जायचे नाही. पुढच्या भेटीला मुलगा म्हणाला, “बाबा मला गाठी चुकल्या म्हणून रागावले.” ती तक्रार मला फार बरी वाटली. गुरुजींना पुन्हा एक विद्यार्थी मिळाला होता.

आजार थांबलेला नाही. गेल्या हिवाळ्यापासून ते काठापासून दूर, खुर्चीत बसतात. गळ मुलगा टाकतो आणि काठी त्यांच्या हाती देतो. तरी ‘उद्या जायचे आहे’ हे वाक्य त्या घरात अजून आहे.

काठावर जाण्यापूर्वी

शुश्रूषा करणाऱ्यांनी पुढील गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

वेळ सकाळची. मलकापूर, खामगाव, जळगाव जामोद या घाटाखालच्या भागात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी सहज ओलांडतो. बुलढाणा शहर उंचावर असल्याने थोडे सुसह्य, पण पाण्यावरून परतणारे ऊन तिथेही डोळ्यांना आणि त्वचेला त्रास देते. रुंद काठाची टोपी, गॉगल आणि प्यायचे पाणी हवेच. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या दिवशीची वेळ डॉक्टरांना विचारून ठरवावी. वारंवार लघवीला जावे लागते म्हणून पाणीच न पिण्याची युक्ती अनेक आजोबा करतात; ती घातक आहे.

बसायला पाठ असलेली, उंच बैठकीची खुर्ची. बराच वेळ बसून एकदम उठले की रक्तदाब उतरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. रक्तदाबाच्या व प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनी हे अधिक होते. मासा लागला तरी आधी पाय हलवावेत, मग सावकाश उभे राहावे. खुर्ची पाण्याच्या कडेपासून चार-पाच पावले मागे असावी, कारण आपली काळी माती ओली झाली की साबणासारखी होते. अनवाणी जाऊ नये, मधुमेहींनी तर मुळीच नाही. इन्शुलिन घेणाऱ्यांच्या खिशात साखर असावी. होडीत बसायचे असेल तर लाइफ जॅकेट हवेच.

काठी फेकण्यापूर्वी वर पाहावे. धरणाकाठी शेतीपंपांच्या विजेच्या तारा असतात आणि कार्बनच्या काठीतून वीज वाहते. मृगाच्या सरींत ढगांचा गडगडाट ऐकू आला की काठी आडवी ठेवून निघावे. तंगूस हाताला गुंडाळून ओढू नये. मोठ्या माशाच्या हिसक्याने ते मांसात रुतते. खांदा आखडलेला असेल तर झटका खांद्याने न देता कमरेतून वळून द्यावा. मरळीचे दात तीक्ष्ण असतात. तिच्या तोंडात बोट घालू नये. तुटलेले तंगूस आणि फाटलेल्या नळ्या पिशवीत घालून घरी आणाव्यात. पाणपक्ष्यांचे पाय त्यात अडकतात.

आकडा रुतलाच तर घाबरू नये. तंगूस कापावे, लोंबणारे आमिष वेगळे करावे. काटा चेपलेला असेल आणि जखम बोटाच्या वरवरच्या भागात असेल, तर आकडा आला त्या वाटेने मागे घ्यावा, जखम साबण-पाण्याने धुवावी आणि स्वच्छ कापडाने दाबून धरावी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी किमान दहा-पंधरा मिनिटे न सोडता दाबावे. काटा आत असेल तर ओढाताण करू नये. डॉक्टर जागा बधिर करून टोक पुढे काढतात, काटा कापतात आणि उरलेला आकडा मागे घेतात. काही मिनिटांचे काम आहे. आकडा डोळ्यात किंवा पापणीत गेला असेल तर त्याला हातही लावू नये. वरून कागदी पेला उपडा धरून, डोळ्यावर दाब न देता, थेट नेत्ररुग्णालय गाठावे. धनुर्वाताची लस शेवटची कधी घेतली हे आठवावे. अस्वच्छ जखमेसाठी पाच वर्षांहून अधिक काळ लोटला असल्यास पुन्हा डोस लागतो, आणि अनेक ज्येष्ठांचे मूळ डोसच पूर्ण झालेले नसतात. दुसऱ्या दिवशी लाली पसरली, ठणका वाढला किंवा ताप आला, तर थांबू नये.

ताटातली मरळ

मासा घरी आणला तर तो कसा खावा, हेही विचारले जाते. मरळीत बारीक काटे रोहू-कटल्याच्या मानाने कमी असतात, म्हणून वृद्धांना ती सोयीची. शंभर ग्रॅम कच्च्या माशात सुमारे १८ ते २० ग्रॅम प्रथिने असतात आणि चरबी कमी असते. आजारपणातून उठलेल्या माणसाला पातळ रस्सा आणि भाकरी उत्तम. तळून घेतली की हलकेपणा जातो. तरीही कवळी लावणाऱ्यांना टाळूची जाणीव कमी होते, म्हणून घास सावकाश चावावा. घशात काटा अडकला तर भाताचे गोळे गिळून तो ढकलू नये, दवाखान्यात यावे.

शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या खारपाणपट्ट्यातील वाचकांना विशेष विनंती. ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे, त्यांनी प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. आणखी एक प्रश्न दरवर्षी येतो. मृग नक्षत्राच्या सुमारास हैदराबादला दम्यासाठी मरळीचे जिवंत पिल्लू औषधासह गिळायला देतात, तिथे जावे का? श्रद्धेचा मान राखून सांगतो, त्याने दमा बरा होतो याला शास्त्रीय आधार नाही. आपला इनहेलर कोणत्याही कारणाने बंद करू नका.

वाचकहो, आपल्या घरात एखादी काठी माळ्यावर पडून असेल, तर येत्या रविवारी ती खाली काढा. गंजलेले आकडे टाकून द्या, नव्यांचे काटे चेपा, दोन-तीन गाठी घरच्या ज्येष्ठांकडून शिकून घ्या. मग त्यांनाच विचारा, कोणत्या पाण्यावर जायचे. मासा लागेल किंवा लागणार नाही. पण कुठे जायचे हे त्यांनी ठरवलेले असेल, आणि म्हातारपणी असे ठरवण्याचे प्रसंग फार थोडे उरतात.